एक अष्टमांश

गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या जात पडताळणीचं काम माझ्याकडे आलं. भाऊ वखरणीत अडकलेला, वहिनीच्यानं तहसीलच्या चकरा होईनात, म्हणून पोरगी म्हणाली, "आत्या, तूच कर ना." १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा होता. आजोबांच्या शाळेचा दाखला निघाला, पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकाची नक्कल निघाली. राहिली वंशावळ. शपथपत्रावर चढवण्याआधी ती मी वहीच्या मधल्या जोडपानावर पेन्सिलीनं काढत बसले.

सगळ्यांत वर जे नाव आलं, त्या माणसाबद्दल आमच्या घरात एकच गोष्ट शिल्लक आहे. अमेरिकेत लढाई झाली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशात त्यानं मळ्यातली विहीर बांधली. विहीर अजून आहे. दगडी बांधणीची, उतरायला पायऱ्या असलेली, वैशाखातही तळाला हातभर पाणी राखणारी. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांना अमेरिकेचं यादवी युद्ध असंच माहीत आहे. १८६१ साली लिंकनच्या आरमारानं दक्षिणेकडची बंदरं अडवली, तिकडचा कापूस लिव्हरपूलला पोचेना, गिरण्या उपाशी राहिल्या आणि मुंबईचे व्यापारी खामगाव-अमरावतीकडे धावले. १८६५ मध्ये तिकडची लढाई संपली आणि इकडचा भाव कोसळला. ज्यांनी त्या चार वर्षांत विहीर बांधली त्यांची विहीर राहिली, ज्यांनी कर्ज काढून जमीन घेतली त्यांची जमीन सावकाराकडे गेली.

पण ज्या लढाईनं आमची विहीर बांधली, तिच्यात तिकडे लढत कोण होतं? आमच्यासारखीच औतावरची माणसं असतील ना? वंशावळीचं काम चालू असताना रात्री मी हेच वाचत बसायचे. वाचता वाचता मिसिसिपी राज्यातला एक शेतकरी भेटला, न्यूटन नाइट, आणि त्याच्या मागोमाग त्याचं अख्खं घराणं. त्या घराण्यानं मला आमच्या वहीतल्या पानाकडे पुन्हा बघायला लावलं, म्हणून हे लिहिते आहे.

न्यूटनचं गाव मिसिसिपीच्या दक्षिणेला, जोन्स काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या एक-दोन तालुक्यांएवढी. अमेरिकेचा दक्षिण भाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैलोन्‌मैल कापूस आणि पांढऱ्या खांबांचे वाडे येतात. जोन्स काउंटी तशी नव्हती. वाळूमिश्रित हलकी जमीन, उंच पाइनची रानं, मधून लीफ नदी आणि तिच्या काठची दलदल. लोक मका लावत, रताळी लावत, डुकरं रानात मोकळी सोडत. मिसिसिपीत तेव्हा निम्म्याहून जास्त लोकसंख्या गुलामांची होती. जोन्स काउंटीत ती शेकडा बाराच्या आसपास होती, सगळ्या राज्यात सर्वांत कमी. न्यूटनचे आजोबा मात्र काउंटीतल्या मोठ्या गुलाममालकांपैकी एक. वडिलांनी, अल्बर्ट नाइट यांनी, एकही गुलाम ठेवला नाही. न्यूटननंही नाही. एकाच घराण्यात ही फूट युद्धाच्या आधीपासूनच होती.

न्यूटनचं जन्मसाल कुठे १८२९ सापडतं, कुठे १८३७. आमच्या आजोबांचंही असंच आहे. दाखल्यावर एक, घरात सांगतात ते दुसरं.

देशातून फुटून निघायचं की नाही हे ठरवायला मिसिसिपीनं परिषद बोलावली, तेव्हा जोन्स काउंटीनं फुटीच्या विरोधातला माणूस निवडून पाठवला. राजधानीत पोचल्यावर त्यानं फुटीच्या बाजूनं मत दिलं. ९ जानेवारी १८६१ ला मिसिसिपी फुटलं. मागे गावात लोकांनी त्या प्रतिनिधीचा पुतळा जाळला असं सांगतात. मत देऊनही हाती काही लागलं नाही, ही चीड त्या माणसांच्या मनात पहिल्या दिवसापासून होती. आणि लगेच पुढच्या वर्षी सक्तीची लष्करभरती आली. नाही म्हणायची सोय नव्हती. तेव्हा शेजारपाजारच्या माणसांनी निदान एकत्र तरी राहू म्हणून एकाच पलटणीत, सातव्या मिसिसिपी बटालियनमध्ये, नावं घातली. न्यूटन त्यांच्यात होता. आपण बंदूक चालवण्याऐवजी जखमींची सेवा करण्याचं काम मागून घेतलं, असं त्यानं म्हातारपणी सांगितलं.

ऑक्टोबर १८६२ मध्ये कॉरिंथची लढाई झाली. मोठी, रक्ताची लढाई. दक्षिणेची फौज हरून मागे हटली. त्याच महिन्यात दक्षिणेच्या सरकारनं एक कायदा केला: ज्याच्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम असतील, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट. कायद्याची ही बातमी छावणीत आली तेव्हा न्यूटनचा सोबती जॅस्पर कॉलिन्स म्हणाला, हे श्रीमंतांचं युद्ध आणि गरिबांची लढाई आहे, आणि बंदूक टाकून चालू लागला. न्यूटनही निघाला. घरी बायको सेरीना, लहान पोरं, आणि दावणीची घोडी सरकारी माणसांनी नेलेली.

पुढच्या वर्षी तर पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून उचलायला सुरुवात झाली. दहा पायल्यांतली एक पायली. वर मांस, गुरं, घरात विणलेलं कापडसुद्धा. घरचे पुरुष लढाईवर, शेतात बाया, आणि वसुलीवाले दारात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या आजीच्या तोंडी लेव्हीच्या ज्वारीचे किस्से होते. दुष्काळाच्या साली पेव उघडून ज्वारी मोजली गेली, तेव्हा ती ओसरीवर बसून नुसती बघत होती. त्या मापाचा आवाज तिला मरेपर्यंत आठवायचा.

५ ऑक्टोबर १८६३ ला एलिसव्हिल गावात एका घरात शिरून मेजर ॲमॉस मॅकलेमोर या अधिकाऱ्याला कुणीतरी गोळी घातली. तो फरारी शिपाई पकडायला आला होता. गोळी न्यूटनची होती असंच सगळे मानत आले. आठवड्याभरानं, १३ ऑक्टोबरला, पन्नासेक माणसांनी जमून आपली टोळी बांधली आणि न्यूटनला कॅप्टन नेमलं. हे लोक सैनिकासारखे छावणीत राहिले नाहीत. दिवसा आपापल्या शेतात राबायचे आणि शिंग फुंकलं की औत सोडून जमायचे. न्यूटनचं शिंग काळं होतं. लीफ नदीच्या दलदलीत त्यांचा लपायचा अड्डा. शेजारच्या काउंटीतल्या सरकारी कोठारातून त्यांनी मका उचलला आणि गरजू घरांत वाटला.

या सगळ्यात बाया होत्या, आणि त्यांच्यावाचून टोळी आठवडाभरही टिकली नसती. भाकरी त्यांनी पोचवली, बातमी त्यांनी पोचवली. फरारींच्या मागावर शिकारी कुत्री सोडली जायची, तेव्हा वाटेवर तिखटाची पूड टाकून त्यांची नाकं निकामी करायची युक्तीही बायांचीच. मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे मिरची कांडणारी बाई आली. नाकाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी गाळत, उखळात लाल मिरची कुटणारी. फक्त या वेळी ती कालवणासाठी नाही.

त्या बायांमध्ये एक होती रॅचेल. न्यूटनच्या आजोबांनी १८५६ साली विकत घेतलेली गुलाम. तिच्या कडेवर तेव्हा मूल होतं आणि तिचं वय सोळाच्या आसपास. आजोबा वारले तशी ती वाटणीत न्यूटनच्या काकाकडे गेली. वाटणीत म्हणजे भांडीकुंडी आणि बैल जातात तशी. रानातल्या माणसांना ती चोरून अन्न द्यायची, मालकाच्या घरातली बातमी सांगायची. पकडली गेली असती तर तिचं काय झालं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

एप्रिल १८६४ मध्ये कर्नल रॉबर्ट लोरी फौज आणि कुत्री घेऊन आला आणि त्यानं दहा माणसं फासावर दिली. पुढे हाच लोरी मिसिसिपीचा गव्हर्नर झाला. न्यूटन दलदलीत राहून वाचला.

इथवरची गोष्ट सगळ्यांना सांगायला आवडते. मलाही आवडली. भावाला फोनवर सांगितली तर त्यानं दोनदा सांगायला लावली. पण त्या घराण्याची खरी परीक्षा लढाई संपल्यावर सुरू झाली, आणि त्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो.

युद्धानंतर न्यूटननं आपल्या आणि सोबत्यांच्या पगारासाठी संघराज्याच्या सरकारकडे अर्ज केला. आम्ही तुमच्याच बाजूनं लढलो, असं त्याचं म्हणणं. सरकारनं पुरावा मागितला. रानात लपलेल्या माणसांची हजेरीबुकं कुठून येणार? तीन दशकं अर्ज, साक्षी, फेरअर्ज चालले आणि १९०० साली दावा कायमचा फेटाळला गेला. इकडे काउंटीतल्या दक्षिणाभिमानी लोकांनी १८६५ सालीच जोन्स काउंटीचं नाव बदलून घेतलं होतं. बंडखोर सरकारच्या अध्यक्षाच्या नावावरून डेव्हिस काउंटी, आणि एलिसव्हिलचं लीसबर्ग. शरम वाटत होती म्हणून. चारेक वर्षांत जुनं नाव परत आलं, पण शरम तिथेच राहिली.

आणि न्यूटन? रॅचेल आता मोकळी होती. ती त्याच्या जमिनीवर वाट्यानं शेती करू लागली. तिला त्याच्यापासून मुलं झाली. सेरीना त्याच आवारात होती, तिचीही मुलं होती. दोन चुली, एक धुरा. लोक याला प्रेमकथा म्हणतात. माझी जीभ तसं म्हणायला रेटत नाही. जिची गाठ पडली तेव्हा ती त्याच्याच घराण्याची मालमत्ता होती, तिला नाही म्हणता येत होतं का, हे कोणता कागद सांगणार? आणि सेरीनाला कुणी काय विचारलं? पण एवढं खरं की त्या काळात गोरे पुरुष असली मुलं नाकारत आणि न्यूटननं नाकारली नाहीत. त्यांना जमीन दिली, नाव दिलं. गावच्या शाळेत त्यांना घेईनात तेव्हा शाळा जळाली, आणि ती त्यानंच जाळली असं म्हणतात.

१८७८ च्या सुमारास दोन लग्नं झाली. न्यूटन आणि सेरीनाचा मुलगा मॅट, त्याचं रॅचेलच्या मुलीशी, फॅनीशी. न्यूटन आणि सेरीनाची मुलगी मॉली, तिचं रॅचेलच्या मुलाशी, जेफशी. फॅनी आणि जेफ ही न्यूटनची मुलं नव्हती. ती रॅचेलला आधी झालेली. युद्धानंतरच्या थोड्या वर्षांत मिसिसिपीत काळ्या-गोऱ्यांच्या लग्नावरची बंदी उठली होती, १८८० मध्ये ती परत आली. त्या फटीत ही लग्नं झाली. आणि मग दोन्ही चुली एकमेकींत अशा मिसळल्या की कोणता नातू कुणाचा हे कागदावर काढायला बसलात तर रेघांवर रेघा चढतात.

रॅचेल १८८९ साली गेली. न्यूटन १६ फेब्रुवारी १९२२ ला गेला. त्याच्या थडग्यावर कोरलंय, 'तो इतरांसाठी जगला.' टेकडीवरच्या त्या छोट्या कौटुंबिक स्मशानात रॅचेलही आहे.

यानंतर त्या घराण्यातल्या माणसांना रोज ठरवावं लागलं की आपण कोण. काही जण दूरच्या राज्यांत गेले आणि गोरे म्हणून राहू लागले. मागे वळून पाहायचं नाही, आजीचा फोटो भिंतीवर लावायचा नाही. काही जण काळे म्हणूनच राहिले. उरलेले तिथेच, दोन्हीकडून वेगळे, आपसांतच सोयरिकी करून. न्यूटनच्या मुलानं, टॉमनं, १९३५ साली वडिलांचं चरित्र छापलं. त्यात वडील गरिबांचे कैवारी. सोळा वर्षांनी न्यूटनच्या चुलत नातीनं दुसरं पुस्तक लिहिलं. त्यात तोच माणूस खुनी, देशद्रोही, आणि रॅचेल सगळ्या अनर्थाचं मूळ. एकाच आडनावाच्या दोन माणसांनी लिहिलेली एकाच माणसाची दोन चरित्रं.

त्या दोन पुस्तकांच्या मधे एक खटला झाला. मी ज्याच्यावर अडून बसले तो हाच.

डेव्हिस नाइट हा मॉली आणि जेफचा नातू. म्हणजे न्यूटनचा पणतू आणि रॅचेलचाही पणतू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात होता, तिथे त्याची नोंद गोरा म्हणून. १९४६ मध्ये त्यानं जूनी ली नावाच्या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. १९४८ मध्ये त्याला पकडलं. गुन्हा हा की तो काळा असून त्यानं गोऱ्या बाईशी लग्न केलं. खटला चालला एलिसव्हिलमध्ये. त्याच गावात, जिथे पंच्याऐंशी वर्षांपूर्वी मेजर मॅकलेमोरला गोळी लागली होती.

कायदा म्हणत होता, एक अष्टमांश किंवा जास्त काळं रक्त असेल तर माणूस काळा. आता हिशेब बघा. रॅचेल जर पूर्ण काळी धरली, तर तिचा मुलगा निम्मा, नातू पाव, पणतू एक अष्टमांश. म्हणजे डेव्हिस गुन्हेगार. रॅचेलच्या आईबापांत जर कुणी एक गोरं किंवा मूळ अमेरिकी वंशाचं असेल, तर अपूर्णांक कमी पडतो आणि डेव्हिस सुटतो. तेवीस वर्षांच्या एका पोराची पाच वर्षं या गोष्टीवर टांगलेली की एकोणसाठ वर्षांपूर्वी मेलेली त्याची पणजी दिसायला कशी होती.

म्हणून साक्षीदारांना विचारलं गेलं, तिचे केस कसे होते, रंग कसा होता. म्हातारी माणसं पुढे येऊन आठवून आठवून सांगत होती. आणि सरकारच्या बाजूनं साक्षीला उभा राहिला टॉम नाइट, वयाची ऐंशी वर्षं ओलांडलेला, ज्यानं बापाचं गौरवानं चरित्र लिहिलं होतं. आपल्याच सख्ख्या बहिणीच्या नातवाविरुद्ध. रॅचेल काळीच होती, असं त्यानं सांगितलं. ज्युरीनं डेव्हिसला दोषी ठरवलं. पाच वर्षांची सजा झाली. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. एक अष्टमांश निःसंशय सिद्ध झालं नाही म्हणून. कायदा चूक आहे असं न्यायालय म्हणालं नाही. मोजमाप अपुरं पडलं, इतकंच. ती बंदी देशभरातून १९६७ साली गेली. मिसिसिपीच्या संविधानातलं ते वाक्य मात्र १९८७ पर्यंत तसंच होतं.

हे वाचून मी वही उघडली तेव्हा हात आखडला. आमचा कागद आणि त्यांचा कागद यांची तुलना मला करायची नाही. त्यांच्याकडे वंशावळ शिक्षेसाठी मागितली होती, माझ्याकडे पोरीच्या हक्कासाठी. तिला ते प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे, त्यासाठी मी आणखी दहा चकरा मारीन. पण माणसाचं रक्त शपथेवर लिहून द्यायचं, आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं 'हो, हे असंच होतं' म्हणायचं, हे सारखं होतं. टॉम नाइट त्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहताना काय मनात धरून उभा राहिला असेल?

अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. मालकाचं नाव लिहायचं, आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. नाव नाही. एकोणीस-वीस वर्षांची रॅचेल त्या तक्त्यात असेलच तर एका आकड्याच्या रूपात, नाइट घराण्यातल्या कुणाच्या तरी नावाखाली. गुलामीतल्या माणसांची नावं सरसकट जनगणनेत आली ती १८७० मध्ये. ज्या बाईच्या रक्ताचा अपूर्णांक काढायला न्यायालय बसलं, तिचं नाव जनगणनेनं तिच्या वयाच्या तिशीपर्यंत लिहिलंही नव्हतं.

आमच्या पानावर मी पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सात पिढ्या. सगळे पुरुष. बाईचं नाव एकच, सगळ्यांत खाली, अर्जदार म्हणून पुतणीचं. मी त्या कागदावर नाही, माझी आई नाही, आजी नाही. फॉर्म वडिलांकडची माणसं मागतो, मीही विचार न करता तेवढीच भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या काकूंकडे गेले. नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं, आठवण पक्की. ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. मी वही पुढे धरून एकेक विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. आजीचं नाव मला माहीत होतं. पणजीचं त्यांनी सांगितलं: गंगूबाई, माहेर दर्यापूरकडचं, कडू कारल्याची भाजी फार चांगली करायची. खापरपणजीचं आठवायला त्यांना वेळ लागला, सुपातले खडे वेचता वेचता एकदम म्हणाल्या, "मैनाबाई."

"आणि तिची सासू? विहीर बांधली त्याची बायको?"

काकूंचा हात थांबला.

"विहिरीचे दगड तिनंच तं वाहिले म्हने. पोटुशी होती तरी."

"हो, पण नाव काय होतं काकू तिचं?"

"तिले समदे अकोटवालीच म्हनत."

"नाव, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. "अकोटवाली," त्या म्हणाल्या. "बाईचं नाव कोन इचारते माय."

शपथपत्रावर वंशावळ पुरुषांचीच गेली, तशीच जाते. वहीतल्या पानावर मात्र मी विहीर बांधणाऱ्याच्या शेजारी एक चौकट काढली आणि पेन्सिलीनं तिच्यात लिहिलं, अकोटवाली. खाली एक रेघ कोरी सोडली आहे. अकोटात आमचं आता कुणी नाही, पण काकू म्हणतात, तिच्या माहेरचं आडनाव त्यांच्या सासूला ठाऊक होतं आणि सासूच्या धाकट्या बहिणीची सून मूर्तिजापूरला असते. दिवाळीत जाणार आहे.